यंत्र आणि यतना : छतावरचा मिटणारा दिवा

सांगलीच्या बाजारात तीन पिढ्या हळदीची अडत चालवणाऱ्या एका घराची शेती शिराळ्याच्या बाजूला, डोंगराच्या पोटात आहे. पेठ नाका ओलांडून पश्चिमेला वळले की काळी जमीन सरत जाते, तांबडी माती लागते, आणि शेवटचे दोन किलोमीटर रस्ता असा उरतच नाही. उरते ती बैलगाडीच्या चाकोऱ्यांची वाट. पावसाळ्यात तिला ओढ्याचे रूप येते. शेतीपंपाला थ्री-फेज वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीच मिळते, त्यामुळे पाणी पाजायला रात्री जावे लागते. या कारणासाठी घरात चारही चाकांना जोर जाणारी गाडी आली. कारण शेताचे होते. रंग मात्र मुलाने निवडला, आणि वर काय काय बसवायचे याची यादीही त्यानेच केली.

यादीत पहिला होता छतावरचा दिवा. थार, जिम्नी, गुरखा अशा गाड्यांच्या कपाळावर आडवी लांब एलईडीची पट्टी आता सर्रास दिसते. मुलाला हवी असलेली पट्टी मात्र वेगळी होती. बटण दाबले की ती मोटरीने उभी राहते, पुन्हा दाबले की मागे कलंडून छतावर सपाट निजते. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "हा दिवा शेतासाठी की रस्त्यासाठी?"

"शेतासाठीच, अण्णा. म्हणून तर मिटणारा घेतोय. हायवेला मिटूनच राहील."

उत्तर चोख होते. ते खरे आहे की नाही हे ठरायला मात्र पुढचे चार महिने लागले.

मिटणाऱ्या दिव्याचे फायदे खोटे नाहीत. उभी पट्टी गाडीची उंची वाढवते. आंब्याच्या खालच्या फांद्या, गोदामाची कमान, इमारतीच्या तळघरातले वाहनतळ, सगळीकडे ती अडते. वेगात वाऱ्याला अडवून शीळ घालते. सव्वा मीटर लांब आणि आठ सेंटिमीटर उंच पट्टीवर ताशी 80 किलोमीटरला साधारण साडेतीन किलोचा दाब येतो, 100 ला तो साडेपाच किलोच्या पुढे जातो. आकडा लहान वाटतो, पण हा दाब सतत थरथरत येतो आणि बोल्ट ढिले करतो. सपाट निजलेल्या पट्टीला हा जाच नाही.

तिला उठवणारे यंत्र म्हणजे लिनिअर अॅक्च्युएटर. एका नळीत लहान मोटर, तिच्यापुढे दातेरी चाके आणि त्यांच्यापुढे आटे पाडलेला दांडा. मोटर फिरते, दांडा पुढे सरकतो. मोटरीच्या दोन तारांतले धन-ऋण उलटले की तो मागे येतो. चाक बदलताना लावलेला स्क्रूचा जॅक हात सोडला तरी गाडी खाली येऊ देत नाही, त्याच न्यायाने हा दांडाही वीज नसताना जागचा हलत नाही. दोन्ही टोकांना आत बारीक कळा असतात. दांडा शेवटाला पोचला की कळ दबते आणि मोटर थांबते. लांब पट्टीला दोन बाजूंना दोन अॅक्च्युएटर लावायचे तर ते एका चालीने सरकले पाहिजेत, नाहीतर चौकटीला पीळ बसतो. खरेदी करताना आयपी 67 हा शिक्का पाहावा. धूळ आत शिरत नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडले तरी बिघडत नाही, असा त्याचा अर्थ. शिराळ्याच्या पावसात याहून कमी दर्जा चालणार नाही.

छताला भोके पाडून चौकट बसवू नये. पहिल्या मृगातच पाणी आसनावर उतरते. छताच्या कडेच्या पन्हळीला घट्ट पकडणारे क्लॅम्प मिळतात, तेच बरे. कापडी छताच्या गाडीला मात्र हा दिवा शोभतही नाही आणि पेलतही नाही.

विजेचा भाग आला तेव्हा अण्णा स्वतः गॅरेजमध्ये जाऊन बसले. बारदानात, वाळवणात, वाहतुकीत माल किती घटतो याचा हिशेब ज्याने आयुष्यभर केला, त्याला तारेतली तूट समजायला वेळ लागत नाही. दिवा 240 वॅटचा, बॅटरी 12 व्होल्टची, म्हणजे तारेतून 20 अँपिअर वाहणार. बॅटरीपासून छतापर्यंत जाऊन-येऊन तार 10 मीटर. इलेक्ट्रिशियनने काढलेली अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरली असती, तर वाटेतच 1.4 व्होल्ट गळाले असते आणि 28 वॅटची उष्णता तारेत, म्हणजे छताच्या अस्तराखाली, मुरली असती. सहा चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तूट 0.6 व्होल्टवर येते. अण्णांनी जाड तारेचे पैसे मोजले. फ्यूज 25 अँपिअरचा, आणि तोही बॅटरीपासून वीतभर अंतरावर. कारण फ्यूजच्या अलीकडची तार घासून उघडी पडली तर तिला वाचवणारे कोणी नसते. मोटरीला वेगळा लहान फ्यूज. फांदी अडकून दांडा थांबला तर मोटर जळण्याआधी तो जातो.

दिव्याचा प्रवाह डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून नेत नाहीत. मध्ये रिले असतो. त्याच्या 85 आणि 86 या टोकांमध्ये बारीक वेटोळे असते. त्याला चिमूटभर वीज मिळाली की 30 आणि 87 ही जाड टोके जुळतात आणि दिवा लागतो. म्हणजे बटण दिव्याला वीज देत नाही, फक्त परवानगी देते. ती परवानगी कोणत्या अटींवर मिळावी, हा या जोडणीतला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि बहुतेक गॅरेजांत तो कोणी विचारत नाही. येथेही विचारला गेला नाही. मिटण्याचे बटण एक, पेटण्याचे बटण दुसरे, आणि दोघांचा परस्परांशी काही संबंध नाही, अशी जोडणी झाली.

पहिली रात्र उत्साहात गेली. पंपाचा फ्यूज उडाला होता. मुलाने गाडी विहिरीच्या काठाला लावली, पट्टी उभी केली, आणि समोरचे शिवार दिवसासारखे उजळले. दुरुस्ती दहा मिनिटांची, पण दिवा दोन तास चालू राहिला. इंजिनही चालू ठेवावे लागले, कारण 60 अँपिअर-तासांची बॅटरी असा दिवा तासाभरात एक तृतीयांश रिकामी करतो.

सकाळी गाडी वाड्यासमोर उभी होती. देवदर्शनाहून परतलेल्या आजी तिच्याजवळ थबकल्या. दिव्याच्या मागच्या पट्ट्यांत, काचेच्या कडेला, छतावर पंखांचा थर साचला होता.

"एवढं जीव कुठनं आणलंस रे बाळा?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच कळले नव्हते.

पतंग, माशी, भुंगा हे जैन शास्त्राच्या गणनेत चतुरिंद्रिय जीव. मुंगीपेक्षा त्यांना एक इंद्रिय अधिक, ते म्हणजे डोळा. आणि दिवा त्यांना त्याच इंद्रियाने फसवतो. किडे दिव्याकडे ओढले जातात असे आपण म्हणतो, परंतु लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी जानेवारी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळेच आढळले. वेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांत किडे दिव्याकडे सरळ झेपावत नव्हते, ते त्याच्याकडे पाठ करत होते. अनादी काळापासून रात्री आकाश हेच जमिनीपेक्षा उजळ. उजेड पाठीवर ठेवला की वर-खाली कळते. जवळचा दिवा हे गणित मोडतो. किडा पाठ दिव्याकडे वळवत राहतो आणि त्याभोवतीच घिरट्या घालत अडकतो, थकून किंवा भाजून पडतो. दिव्याची हाव त्याला नसते, तो फक्त दिशा हरवलेला असतो. मंदिरातला दिवा काचेच्या हंडीत ठेवणाऱ्या पूर्वजांजवळ असा कॅमेरा नव्हता, तरी त्यांनी जे करायचे ते केले.

मुलगा समजदार आहे. त्याने दिव्यावर पिवळसर काच चढवली. किड्यांच्या डोळ्यांना अतिनील, निळा आणि हिरवा प्रकाश जितका जाणवतो तितका पिवळा-तांबूस जाणवत नाही, त्यामुळे गर्दी कमी होते. पूर्ण थांबत नाही. दिवा कमी वेळ लावणे हाच त्यावर दुसरा उपाय, आणि तो बाजारात विकत मिळत नाही.

डिसेंबरात पुढचे घडले. रात्रभर उसाला पाणी पाजून मुलगा पहाटे सांगलीकडे परतत होता. आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या फडांतून धुके रस्त्यावर उतरले होते. उसाचा हंगाम, म्हणजे पुढे मागचा दिवा नसलेली ट्रॉली कधी उभी ठाकेल सांगता येत नाही. त्या भीतीने त्याने छतावरची पट्टी उभी केली आणि पेटवली. भीती रास्त होती, पण इलाज उलटा होता. धुके म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. दिवा डोळ्यांच्या रेषेजवळ आणि उंचावर असला की थेंबांवरून उलटलेला प्रकाश थेट चालकाच्याच डोळ्यांत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. शिवाय छतावरचा उजेड बॉनेटवर सांडतो, तेही चमकते. म्हणूनच धुक्याचे दिवे कारखान्यातून खाली, बंपरात बसवलेले येतात. धुळीतही हाच अनुभव. छतावरच्या दिव्याची जागा कोरड्या, स्वच्छ हवेच्या माळावर, जेथे समोरून कोणी येत नाही.

समोरून लोक येत होते. त्या भागात मुनिसंघाचा विहार चालू होता. सूर्योदयानंतर संघ निघणार, त्याआधी आहाराच्या चौक्याची तयारी पुढच्या गावी व्हावी म्हणून चार-पाच श्रावक अंधूक उजेडात रस्त्याच्या कडेने चालले होते. त्यांच्यावर तो झोत पडला. पहिल्या दोघांनी डोळ्यांवर हात धरला. मागच्या वृद्ध गृहस्थांना कडा दिसली नाही आणि ते चरात गेले.

डोळा दिपल्यावर पुन्हा नीट दिसायला काही सेकंद लागतात. ताशी 60 च्या वेगाने गाडी तीन सेकंदांत 50 मीटर जाते. येथे गाडी धुक्यामुळे सावकाश होती, हे सर्वांचेच भाग्य. मनगट मुरगळले, गुडघा सोलला, एवढ्यावर निभावले. मुलाने गाडी थांबवली, त्यांना दवाखान्यात नेले, पट्टी बांधून घरी सोडले. त्या गृहस्थांनी त्याचे आडनाव विचारले, घर ओळखले, आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ दिले नाही. हा पाहुणचार मुलाला बोलण्यापेक्षा जड गेला.

अण्णांना ही हकीकत दुपारी सौद्याच्या वेळी बाजारातच कळली. घरी आल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. "शेतासाठी म्हणाला होतास," एवढेच म्हणाले.

मुलगा म्हणाला, "चूक झाली, अण्णा. आता मिटूनच ठेवीन."

"आधीही मिटलेलाच होता की."

या चार शब्दांत त्या यंत्राची सगळी उणीव आली. मिटलेला दिवा उघडायला एक बोट पुरत असेल तर त्याचे मिटणे किती काळ टिकणार?

शेजारच्या गाळ्यातले स्थानकवासी व्यापारी अण्णांचे जुने स्नेही. दोघांची संध्याकाळी गाठ पडते, तेव्हा बोलणे भावावरून स्वाध्यायावर जाते. त्या संध्याकाळी अनर्थदंडाचा विषय निघाला. श्रावकाच्या तीन गुणव्रतांपैकी हे एक : प्रयोजन नसताना होणारी हिंसा टाळणे. संसार करणाऱ्याला काही हिंसा टळत नाही; निष्प्रयोजन असते ती मात्र टाळता येते. या व्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने असमीक्ष्याधिकरण सांगितले आहे, विचार न करता साधनांचा गरजेपलीकडे वापर. श्वेतांबर आगमांत त्याच ठिकाणी शब्द येतो संयुक्ताधिकरण. उखळात मुसळ, नांगराला फाळ, गाड्याला जू, धनुष्याला बाण असे हिंसा घडू शकेल असे साधन जोडून, सज्ज करून ठेवणे हाच दोष. टीकाकार कारणही व्यवहारातले देतात : जोडून ठेवलेले कोणीही मागतो आणि नेतो, सुटे असले की नकार सोपा जातो. हे नियम घडले ते माल लादलेल्या गाड्या दूरदेशी पाठवणाऱ्यांच्या समाजात. आनंद श्रावकाने परिग्रहाला मर्यादा घातली तेव्हा दूरच्या प्रवासाला 500 आणि मालवाहतुकीला 500 गाडे ठेवले होते. वाहन ही या घरांना नवी गोष्ट नव्हे.

स्नेही हसून म्हणाले, "तुमचा दिवा मिटतो खरा, पण मुसळ उखळातच राहतंय."

कायद्याचे कलमही जवळपास हेच बोलते, हे अण्णांना दुसऱ्या दिवशी कळले. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 111 सांगतो की अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता असल्याशिवाय वाहनाच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. शब्द 'लावणे' असा आहे, 'पेटवणे' असा नाही. म्हणजे मिटवून ठेवला होता, हा बचाव पुरत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक फेरफाराला मालकास 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विम्याचाही प्रश्न उरतो. कंपनीला न कळवलेला फेरफार दाव्याच्या वेळी आडवा येतो, आणि कारखान्याची मूळ तार कापून केलेली जोडणी हमीचा हक्क घालवते. दिवा विकणारा यांतले काही सांगत नाही. त्याच्या पावतीवर फार तर बारीक अक्षरांत 'रस्त्याबाहेरील वापरासाठी' असे छापलेले असते.

दिवा टाकून द्यावा असे मात्र अण्णांना वाटले नाही. रात्रीचे पाणी खरे आहे, विहिरीचा काठ खरा आहे, वाटेतला ओढाही खरा आहे. म्हणून जोडणी नव्याने झाली, आणि या वेळी परवानगीच्या अटी आधी ठरल्या.

पहिली अट पट्टीच्या बिजागरीत बसली. तेथे एक लहान कळ लावून ती रिलेच्या 86 क्रमांकाच्या तारेत ओवली. पट्टी पूर्ण उभी राहिल्याशिवाय कळ दबत नाही आणि दिवा लागत नाही. यामागे आणखी एक कारण होते : निजलेली पट्टी चुकून पेटली तर तिची उष्णता निघून जायला वारा मिळत नाही आणि छताचा रंग भाजतो. दुसरी अट अप्परची. रिलेला वीज गाडीच्या अप्पर दिव्याकडून घेतली, त्यामुळे डिपर मारला की छतावरचा दिवाही त्याच क्षणी विझतो. वेगळे बटण शोधावे लागत नाही. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत जादा दिव्यांना ही जोडणी नियमानेच बंधनकारक आहे. खरे तर ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. इलेक्ट्रिशियनला ती येत होती. त्याला कोणी सांगितले नव्हते इतकेच.

तिसरी अट मुलाने स्वतः सुचवली, आणि तिने पहिल्या दोन्हींना मागे टाकले. पट्टी, मोटरी आणि चौकट एकत्र अशी बांधली की हाताने पिळायचे चार बोल्ट सोडले की सगळा संच छतावरून उतरतो. तार एका जाड दोन-टोकी प्लगने जुळते. बॅटरीकडचे टोक आत दडलेले आणि वर रबरी टोपी, म्हणजे सुटे असताना कशाला शिवून ठिणगी पडणार नाही. हा संच आता शेतावरच्या पंपघरात दोन खुंट्यांवर असतो. हमरस्त्यावर गाडी कारखान्यातून आली तशीच धावते. बॉनेटखाली फक्त एक तार आहे, तिचा फ्यूज रस्त्यावर काढून ठेवलेला असतो, आणि तिची माहिती विमा कंपनीला लेखी दिलेली आहे.

मिटण्याची सोय वाया गेली असे नाही. पंपघरापासून विहिरीपर्यंतच्या वाटेवर आंब्याच्या फांद्या खाली आल्या आहेत. तेथे बटण दाबून पट्टी निजवावी लागते, पुढे गेल्यावर पुन्हा उठवावी लागते. मोटरीची बारीक घरघर ऐकून राखणीचे कुत्रे अजून भुंकते.

संच चढवायला सुरुवातीला पाऊण तास लागायचा, आता पंधरा मिनिटे लागतात. गेल्या खेपेला अण्णा स्वतः बरोबर होते. पंपाचा स्टार्टर पुन्हा अडला होता. चौकटीच्या एका टोकाला मुलगा, दुसऱ्या टोकाला ते, असे दोघांनी ती छतावर ठेवली. मुलाने दोन बोल्ट पिळले, तिसऱ्याला हात घातला, तेव्हा अण्णांनी विचारले, "किती वेळाचं काम आहे स्टार्टरचं?"

"दहा मिनिटं."

"मग हातातल्या बॅटरीवर होईल की."

मुलाने क्षणभर विचार केला, बोल्ट उलटे फिरवले, आणि दोघांनी मिळून चौकट पुन्हा खुंट्यांवर चढवली.